उत्तरपत्रिकेतील उतारा आणि प्रकल्पातील उतारा : विद्यार्थ्यांच्या वाङ्मयचौर्याच्या व्याख्येचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शिवराज्याभिषेकाचे महत्त्व सांगणारा, एखाद्या गाइडमध्ये छापलेला दहा ओळींचा परिच्छेद उदाहरणादाखल घ्यावा. बी.ए.च्या वर्गातील विद्यार्थी तो तोंडपाठ करतो आणि परीक्षेत जसाच्या तसा लिहितो. परीक्षक त्याला चांगले गुण देतात. दुसरा विद्यार्थी तोच परिच्छेद बाहीत लपविलेल्या चिठ्ठीवरून उतरवितो आणि पर्यवेक्षकांच्या हाती सापडतो. त्याच्यावर गैरप्रकाराची कारवाई होते. तिसरा विद्यार्थी एम.ए.च्या लघुप्रबंधात तो परिच्छेद संदर्भ न देता घेतो, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम त्याला लागू होतात. चौथा विद्यार्थी हाच मजकूर पदवीच्या प्रकल्पवहीत सुवाच्य अक्षरात लिहून, रंगीत मुखपृष्ठ लावून सादर करतो. त्याच्या वहीवर सही होते आणि वही विभागाच्या कपाटात जाते. त्याच्या कृतीला कोणत्याही नियमपुस्तिकेत नाव नाही.

चारही ठिकाणी शब्द तेच आहेत आणि ते विद्यार्थ्याचे नाहीत. तरीही एकास गुण, दुसऱ्यास शिक्षा, तिसऱ्यास दुरुस्तीची मुदत आणि चौथ्यास काहीच नाही, असा हा प्रकार आहे. आपल्या शिक्षणव्यवस्थेने विद्यार्थ्यांच्या उसनवारीची व्याख्या लेखनाच्या स्वरूपावरून केलेली नाही. ती लेखन कोठे झाले यावरून केली, आणि ही सवय दीडशे वर्षांच्या परीक्षापद्धतीतून आली आहे. प्रस्तुत लेखात या सवयीचा मागोवा घेतला असून पदवीच्या विद्यार्थ्याचे रोजचे लेखन व्याख्येबाहेर कसे राहिले, याचा विचार केला आहे.

शब्द आणि त्यांचे अर्थ

‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द मराठीत साहित्यिकांच्या वादात वापरला जातो, विद्यार्थ्यांच्या संदर्भात क्वचितच. विद्यार्थ्यांसाठी आपल्याकडे ‘कॉपी’ हा शब्द आहे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नक्कल किंवा प्रत एवढाच व्यापक असला, तरी मराठीत ‘कॉपी करताना पकडला’ असे म्हटले की परीक्षागृहाखेरीज दुसरे काही डोळ्यांसमोर येत नाही. ‘कॉपीबहाद्दर’ हा शब्दही तेथलाच. मित्राची प्रयोगवही घरी नेऊन रातोरात उतरवून काढणाऱ्यास कोणी कॉपीबहाद्दर म्हणत नाही. त्याने ‘जर्नल पूर्ण केले’ असे म्हटले जाते.

युरोपीय भाषांतील शब्दाचे मूळ वेगळे आहे. लॅटिनमधील ‘प्लॅजिअरियस’ म्हणजे माणसे पळवून नेणारा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कवी मार्शल याने आपली कविता स्वतःची म्हणून वाचणाऱ्यास उद्देशून हा शब्द योजला आणि पुढे तो वाङ्मयाला चिकटला. त्या कल्पनेत लेखन हे लेखकाच्या घरचे माणूस आहे आणि त्याला कोणी पळवून नेले आहे.

मराठी शाळेतील लेखनाची सुरुवात मात्र नकलेतूनच झाली. पंतोजींच्या शाळेत मोडीचे वळण कित्त्यावरून गिरवावे लागे आणि पाढे, परवचा एका सुरात म्हणावे लागत. ‘कित्ता गिरवणे’ हा वाक्प्रचार आजही आदरार्थी आहे. थोरांचा कित्ता गिरवावा असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. जे शिक्षण नकलेला विद्येची पहिली पायरी मानते, त्या शिक्षणात नक्कल कोठे थांबवायची हे सांगणारा टप्पाही असावा लागतो. जुन्या परंपरेत तो होता, हे विसरले गेले आहे.

राजशेखराचा धडा

दहाव्या शतकाच्या आरंभी कनौजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयास असलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. हा ग्रंथ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेतील पहिले पुष्प म्हणून प्रसिद्ध झाला. राजशेखराचे पणजोबा अकालजलद यांना ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हटले गेले असल्याने मराठी अभ्यासकांना त्याच्याविषयी आपुलकी वाटत आली आहे. येथे महत्त्वाचे हे की ‘काव्यमीमांसा’ हा कविशिक्षेचा, म्हणजे शिकणाऱ्या कवीसाठी लिहिलेला ग्रंथ आहे. त्यात शिष्यांचे प्रकार सांगितले आहेत, कवीची दिनचर्या सांगितली आहे आणि त्याच ओघात शब्दहरण व अर्थहरण यांची सविस्तर चर्चा आली आहे.

शब्दहरणाचे प्रकार राजशेखर पाडतो ते एका पदापासून पूर्ण प्रबंधापर्यंत, उचललेल्या मजकुराच्या आकारानुसार. आजच्या भाषेत ही समानतेची मोजणी झाली. अर्थहरणाकडे वळल्यावर मात्र तो आकार सोडून देतो. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त दोन कवींच्या रचनांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले होते: आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सारख्या देहांसारखे. राजशेखर त्यांत ‘परपुरप्रवेशसदृश’ या चौथ्याची भर घालतो. मूळ एक असूनही मांडणी सर्वस्वी निराळी, जणू योग्याने दुसऱ्या देहात प्रवेश केला आहे, असा तो प्रकार. अर्थ तोच ठेवून केवळ शब्द फिरविणारे ‘प्रतिबिंबकल्प’ लेखन त्याला त्याज्य वाटते. उलट घेतलेल्या बीजातून नवे रोप उभे राहिले असेल, तर ती उसनवारी तो कवीची शक्ती मानतो.

याच चर्चेत राजशेखर आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत नोंदवितो. उचलेगिरी करणारा स्वतःचे समाधान कसे करून घेतो, याची तिने दिलेली यादी वाचताना आजच्या शिक्षकालाही हसू यावे. तो कवी अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. अशी ती कारणे आहेत. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या लेखनावर आपले नाव घालण्याच्या प्रकारालाही ही यादी लागू पडते, हे ओघाने आलेच.

मराठी संतपरंपरेत कर्तृत्वाची खूण म्हणजे नाममुद्रा. तुकोबांच्या गाथेत सालोमालो या नावाचा उल्लेख करून केलेली टीका आढळते. तुकोबांच्या अभंगांतील मुद्रा काढून तो आपली घालीत असे, असे परंपरा सांगते. याच्या उलट, स्वतःच्या रचनेला थोर संताची मुद्रा लावणेही चाले आणि त्यातून प्रक्षिप्त अभंगांचा प्रश्न संशोधकांपुढे उभा राहिला. मालकी हक्काची आधुनिक कल्पना नसलेल्या समाजालाही ‘हे कोणाचे’ हा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. त्यामुळे श्रेय देण्याचा आग्रह ही पाश्चात्त्य आयात आहे, हे विधान पुराव्याला धरून नाही.

परीक्षागृहातील गुन्हा

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे स्थापन झाली. ती मुख्यतः परीक्षा घेणारी विद्यापीठे होती. शिकविणे महाविद्यालयांकडे आणि पारख विद्यापीठाकडे, अशी विभागणी झाली. विद्यार्थ्याला न ओळखणारा परीक्षक तीन तासांत लिहिलेल्या कागदावरून निवाडा करणार, म्हणून सगळी दक्षता त्या तीन तासांवर केंद्रित झाली. तेथे आणलेला प्रत्येक कागद संशयास्पद ठरला, पण डोक्यात भरून आणलेल्या मजकुराबद्दल विचारण्याची सोयच नव्हती. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने अध्यापन परीक्षेच्या दावणीला बांधले गेल्याची तक्रार केली. १९४८–४९ च्या राधाकृष्णन आयोगाने एकच सुधारणा सुचवायची झाली तर परीक्षांची सुचवू, अशा आशयाचे मत नोंदविले. मधल्या काळात गाइडे आणि ‘अपेक्षित प्रश्नसंच’ यांची बाजारपेठ उभी राहिली. या पुस्तकांवर लेखकाचे नाव असले तरी त्यातील उत्तर वाचकाने ‘आपले’ म्हणून लिहावे, हाच त्यांच्या विक्रीचा आधार.

कायद्यानेही या व्यवस्थेस मान्यता दिली आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमातील कलम ५२ मध्ये ज्या कृती हक्कभंग ठरत नाहीत त्यांची यादी आहे. शिक्षकाने वा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल त्या यादीत आहे आणि परीक्षेतील प्रश्नांच्या उत्तरांत केलेली नक्कलही आहे. दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अध्ययनासाठीच्या सवलतीचा उदार अर्थ लावला, तो याच कलमाच्या आधारे. ही सवलत रास्त आहे. गरीब विद्यार्थ्याला पुस्तक वाचता आलेच पाहिजे. पण त्यावरून हेही स्पष्ट होते की प्रतिलिप्यधिकाराचा भंग आणि वाङ्मयचौर्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात हक्कधारकाचे नुकसान होते. दुसऱ्यात वाचकाची फसवणूक होते आणि विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याचे स्वतःचे शिकणे राहून जाते. जुन्या ग्रंथातला उतारा कोणाच्याही हक्कात नसला, तरी नाव न सांगता घेतला तर ते चौर्यच.

महाराष्ट्र राज्याने १९८२ साली विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम केला. प्रश्नपत्रिका फुटण्यापासून परीक्षा केंद्रावरील नकलेपर्यंतचे प्रकार त्याच्या कक्षेत आले. उत्तर प्रदेशात १९९२ साली याहून कठोर कायदा झाला. कॉपी हा अजामीनपात्र गुन्हा ठरला, परीक्षार्थी मुले तुरुंगात गेली आणि त्या वर्षी तेथील दहावीचा निकाल सुमारे १५ टक्क्यांवर घसरला. १९९३ अखेर सत्तेवर आलेल्या सरकारने तो कायदा मागे घेतला. महाराष्ट्रात नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास झालेले कॉपीमुक्त अभियान पुढे राज्यभर नमुना म्हणून सांगितले गेले. भरारी पथके, बैठी पथके, केंद्राभोवतीची जमावबंदी हा सारा सरंजाम आता दरवर्षीचा झाला आहे.

या उपायांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवरचा विश्वास त्यांवरच टिकून आहे. प्रश्न आहे तो या व्यवस्थेने विद्यार्थ्याला काय शिकविले, हा. विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे जप्त केलेली चिठ्ठी असते, पर्यवेक्षकांचा अहवाल असतो, विद्यार्थ्याचे लेखी निवेदन असते. चिठ्ठी त्या प्रश्नाशी संबंधित होती का आणि तिचा वापर झाला का, एवढे तपासले जाते. चिठ्ठीतला मजकूर मूळ कोणाचा, हे विचारण्याचे समितीला कारणच पडत नाही. विद्यार्थी यातून एकच धडा घेतो: सापडलो नाही तर गुन्हा नाही.

सहा शब्द आणि चौदा शब्द

परीक्षागृहातून घरच्या लेखनाकडे हा विचार कसा जातो, याचे एक उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात सापडते. तेथे १८४२ साली विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेवर ‘कोणाचेही साहाय्य घेतले नाही’ असे लिहून देण्याची प्रथा सुरू झाली. म्हणजे तेथेही आरंभ परीक्षेतूनच झाला. पुढे या प्रतिज्ञेची कक्षा वाढून खोटे बोलणे, फसविणे आणि चोरी करणे हे तिन्ही तिच्यात आले, आणि दोषी ठरणाऱ्यास हद्दपारी ही एकच शिक्षा ठरली. निर्णय विद्यार्थ्यांचीच समिती देत असे. २००१ साली भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी प्राथमिक अभ्यासक्रमाचे निबंध स्वतः लिहिलेल्या संगणकप्रणालीतून तपासले. सलग सहा शब्द जुळले की ती प्रणाली खूण करी. १५८ प्रकरणे समितीकडे गेली आणि अखेर ४८ विद्यार्थ्यांना विद्यापीठ सोडावे लागले किंवा त्यांनी ते आपणहून सोडले. हद्दपारीची एकमेव शिक्षा २०२२ साली विद्यार्थ्यांच्याच मतदानाने रद्द झाली.

या घटनेतील शिक्षेचा कठोरपणा अनुकरणीय नाही. लक्ष द्यावे ते याकडे की वाद झाला तो पदवीच्या आरंभीच्या वर्गातील छोट्या निबंधांवर, पीएच.डी.च्या प्रबंधांवर नव्हे. तो निबंध विद्यार्थ्याचे लेखन आहे, हे संस्थेने गृहीत धरले होते. याच धारणेची दुसरी बाजू एका खटल्यात पुढे आली. समानता तपासणाऱ्या कंपनीने आपले निबंध कायमचे साठवून ठेवू नयेत म्हणून चार शालेय विद्यार्थ्यांनी दावा लावला. २००९ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो साठा रास्त वापरात मोडतो, असा निर्णय दिला. विद्यार्थी हरले, पण शाळेतील निबंध ही लेखकाची निर्मिती आहे की नाही, यावर न्यायालयात गंभीर युक्तिवाद झाला. आपल्याकडील प्रकल्पवहीच्या नशिबी असा मान आलेला नाही.

भारतात ही चर्चा वरच्या टोकापासून सुरू झाली. २००२–०३ मध्ये कुमाऊँ विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंवर संशोधनलेखातील चौर्याचा आरोप होऊन त्यांना पद सोडावे लागले, तेव्हा देशभरातील वैज्ञानिकांत खळबळ उडाली. २००९ च्या आयोगाच्या विनियमांनी एम.फिल. व पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार वाढू लागले. कपाटातले प्रबंध उघड्यावर आल्याने तुलना शक्य झाली. त्यानंतर आले २०१८ चे विनियम.

या विनियमांनी वाङ्मयचौर्याची व्याख्या थोडक्यात केली: दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून दाखविणे. समानतेचे स्तरही ठरविले. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन द्यावयाचे. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्ष सुधारित लेखन देण्यास मनाई, आणि ६० टक्क्यांवर नोंदणी रद्द. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, प्रस्तावना, कायदे, प्रमाण समीकरणे हे मोजणीतून वगळले. सर्वसामान्य ज्ञान वा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्यही वगळले. चौकशीसाठी विभागीय आणि संस्थात्मक अशा दोन समित्या सांगितल्या. २०१९ साली ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना तपासणीची प्रणाली मिळाली आणि त्याच वर्षी पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा विषय अनिवार्य करण्याचे ठरले.

व्याख्या कल्पनेबद्दल बोलते, मोजणी मात्र शब्दांची होते. राजशेखराच्या परिभाषेत सांगायचे तर शब्दहरणासाठी माप आहे, अर्थहरणासाठी नाही. मराठीत तर शब्दहरणाचे मापही लंगडे पडते. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत अक्षरजुळणी झालेले प्रबंध संगणकाला देवनागरी म्हणून वाचताच येत नाहीत, आणि पाने केवळ चित्ररूपात असतील तर प्रश्नच मिटला. इंग्रजी ग्रंथातील पाने मराठीत आणून आपली म्हणून दिली, तर शब्दांवर चालणाऱ्या प्रणालीला काहीच जुळत नाही. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विभागांत शून्याच्या जवळचा अहवाल मिळाला म्हणून निःश्वास टाकला जातो. तो अहवाल बऱ्याचदा यंत्राच्या अज्ञानाचा असतो. याउलट, कायद्यातील कलमे आणि तालुक्याची ठरलेली माहिती यांमुळे एखाद्या प्रामाणिक प्रबंधाची टक्केवारी वाढते. मग ‘टक्केवारी कमी करून देण्याची’ सेवा शोधली जाते. तेथे शब्द फिरविले जातात, अर्थ तोच राहतो. हे शुद्ध प्रतिबिंबकल्प लेखन होय.

व्याख्येबाहेर राहिलेला विद्यार्थी

२०१८ च्या विनियमांतील एक तरतूद विशेष लक्ष वेधून घेते. ज्या ‘स्क्रिप्ट’ला हे नियम लागू आहेत तिची व्याख्या करताना पदव्युत्तर आणि संशोधन पदव्यांसाठीचे व प्रकाशनासाठीचे लेखन तिच्यात घेतले आहे. स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल, अभ्यासक्रमांतर्गत लेखन, निबंध आणि उत्तरपत्रिका यांना स्पष्टपणे वगळले आहे.

वगळण्यामागील व्यवहार समजण्यासारखा आहे. लाखो विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणे, प्रत्येक प्रकरणी समिती नेमणे अशक्यच होते, आणि अठरा वर्षांच्या मुलाला दंडाच्या चौकटीत आणणे योग्यही नव्हते. पण परिणाम असा झाला की विद्यार्थी पहिली ओळ लिहितो तेव्हा श्रेयाचा प्रश्न त्याच्यापुढे येत नाही. तो प्रश्न येतो पाच-सात वर्षांनी, आणि येतो तो टक्केवारीच्या रूपात. दरम्यान त्याने पर्यावरणाचा प्रकल्प केलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनंतर पर्यावरण हा विषय पदवीच्या सर्व शाखांत अनिवार्य झाला, हे स्तुत्यच होते. पण विद्यार्थी आपल्या गावच्या ओढ्याची पाहणी करील, ही अपेक्षा बहुतेक ठिकाणी महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात संपली. तयार प्रकल्प, वरचे नाव आणि आसनक्रमांक बदलून, तेथे मिळू लागले. शाळांतही हेच घडले. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, ‘प्रकल्प’ हा शब्द दुसरी-तिसरीच्या मुलांपर्यंत पोचला, आणि स्टेशनरीच्या दुकानांत चित्रांचे व माहितीचे तयार तक्ते टांगले गेले. पालकांनी ते कापून चिकटविले. मुलाने पाहिले की सुंदर दिसणारी वही चांगली मानली जाते.

यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. रिक्त जागांमुळे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाकडे तीन-तीन वर्गांचे प्रकल्प येतात. ते वाचण्यासाठी वेळ नसतो आणि त्याबद्दल मानधनही नसते. न वाचता सही करणे ही त्याची असहायता असते. विद्यार्थ्याला मात्र ती संस्थेची संमती वाटते.

विद्यार्थ्याच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. अमेरिकेतील लेखनशिक्षणाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की मूळ वाक्यातील काही शब्द बदलून, काही ठेवून केलेले ठिगळवजा लेखन हे अनेकदा अपरिचित विद्याशाखेची भाषा शिकण्याचा टप्पा असते. त्याला सरसकट चोरी म्हणू नये, असे त्यांचे मत होते. अॅलिस्टर पेनिकुक यांनी १९९६ च्या आपल्या लेखात पाठांतराला मोल देणाऱ्या समाजांतील विद्यार्थ्यांबाबत असाच विचार मांडला. मराठवाड्यातील किंवा गडचिरोलीतील ज्या मुलीच्या घरात ती पहिलीच पदवीपर्यंत पोचली आहे, तिला प्रमाण मराठीतील ग्रांथिक वाक्यही परक्या भाषेसारखेच असते. ती पुस्तकातले वाक्य उतरविते, कारण आपले वाक्य वहीत शोभणार नाही असे तिला वाटते. तिच्या आणि तयार प्रबंध विकत घेणाऱ्याच्या कृतीला एकच नाव देणे अन्यायाचे आहे. पण तिला काहीच न सांगणे हाही अन्यायच आहे, आणि गेली कित्येक वर्षे तोच घडत आला आहे.

अलीकडे हा प्रश्न लांबणीवर टाकण्याची सोय राहिलेली नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या पदवी आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. चार वर्षांच्या संशोधनासह ऑनर्स पदवीत तर १२ श्रेयांकांचा प्रबंध आहे. हा प्रबंध पदवीस्तरावरचा असल्याने, शब्दशः पाहता, २०१८ च्या व्याख्येतील पदव्युत्तर आणि संशोधन पदव्यांच्या कक्षेत तो नीट बसत नाही. दुसरीकडे २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. ते यंत्र मागितल्याबरोबर मराठीत प्रकल्प लिहून देते आणि त्यात सलग चौदा शब्द कोणाशी जुळतीलच असे नाही. व्याख्या ‘दुसऱ्याचे काम’ म्हणते. यंत्र हा ‘दुसरा’ आहे का, याचे उत्तर २०१८ च्या शब्दांत मिळत नाही.

यावर अनेक महाविद्यालयांनी शोधलेला उपाय म्हणजे प्रकल्प हस्तलिखित मागणे. यंत्राने दिलेला मजकूर विद्यार्थी सुवाच्य अक्षरात उतरवून आणतो आणि आपण पुन्हा कित्त्यापाशी येतो. २०१८ च्या विनियमांत पदवी अभ्यासक्रमातही शैक्षणिक प्रामाणिकतेचा भाग अनिवार्यपणे घ्यावा, असे सांगितलेले आहे. त्याची अंमलबजावणी मात्र पीएच.डी.पूर्व वर्गापाशी अडकून पडली. तिला प्रथम वर्षात आणण्यासाठी नवा नियम लागत नाही. एकच परिच्छेद वर्गात देऊन तो राजशेखराच्या चार रीतींनी लिहावयास सांगणे, प्रकल्पासोबत कच्चा खर्डा आणि ज्या पानांवरून माहिती घेतली त्यांच्या छायाप्रती जोडावयास लावणे, तोंडी परीक्षेत वहीतील कोणत्याही एका वाक्यावर बोट ठेवून ते कोठून आले हे विचारणे, एवढे कोणत्याही अभ्यासमंडळाला आजच्या चौकटीत करता येते. अर्थात त्यासाठी एका अध्यापकाकडे किती वह्या द्यावयाच्या, हेही त्याच बैठकीत ठरवावे लागेल.